शिवेची साक्ष

विवाहातील सीमांतपूजनाचा विधी हल्ली मंगल कार्यालयात, फुलांच्या पडद्यापुढे मांडलेल्या दोन खुर्च्यांवर होतो. तेथे ओलांडावयाची सीमाच नसते. तरीही विधीचे नाव लोकांनी टाकलेले नाही, याचा मला संतोष वाटतो. माझ्या लहानपणी वऱ्हाड गावाच्या शिवेवरील म्हसोबापाशी बैल सोडून थांबत असे. कोणी तरी पुढे येऊन गावात वर्दी देई. आणि मग वधूकडील मंडळी, वाजंत्री पुढे घालून, त्या दगडापर्यंत चालत जात, वराचे पाय धूत आणि त्यास गावात घेऊन येत. त्या क्षणापर्यंत तो कोणा परक्या गावचा वाटसरू असे. पायांवर पाणी पडले म्हणजे त्याच्या अन्नपाण्याची, निजण्याबसण्याची आणि मानापमानाची जबाबदारी साऱ्या गावावर आली, असे मानीत. शीव ही केवळ जमिनीची हद्द नव्हती. कर्तव्य कोठून सुरू होते, हे दाखविणारी ती खूण होती.

परंतु त्याच शिवेची दुसरी एक आठवण माझ्या आजीच्या पिढीने मला दिली आहे. पटकीची साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा निघे. त्यात देवीपुढे खण, बांगड्या, नारळ, नैवेद्य ठेवीत. रात्री वाद्ये वाजवीत तो गाडा शिवेपर्यंत ओढीत नेत, पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून देत आणि मागे वळून न पाहता परत येत. पलीकडचे गाव सकाळी जागे होई, गाडा पाही, आणि भयाने तो आपल्या दुसऱ्या शिवेकडे ओढू लागे. जो धर्म पाहुण्याचे पाय धुण्यासाठी शिवेपर्यंत गेला, तोच धर्म रात्री मरण शेजाऱ्याच्या रानात ढकलून परत आला. या दोन्ही कृत्यांत अश्रद्धा कोठेही नव्हती. किंबहुना दोन्हींत सारखीच तळमळीची श्रद्धा होती. म्हणून मला अनेक वर्षे असा प्रश्न पडत आलेला आहे की, धर्माला शीव असते काय? कर्तव्याला काही भूगोल असणे अपरिहार्यच असेल, तर तो भूगोल आखावयाचा कोणी, आणि आखलेला खरा की खोटा हे सांगावयाचे कोणी?

‘शीव’ हा शब्द ‘सीमा’ या संस्कृत शब्दाचेच मराठी रूप आहे. मुंबई बेट जेथे संपे आणि साष्टी जेथे सुरू होई, त्या ठिकाणाचे नाव शीव पडले, ते याच अर्थाने. माझे गाव मात्र इंदापूर तालुक्यातले, भीमा आणि नीरा यांच्यामधील त्या पट्ट्यातले, जो पूर्वेकडे निमुळता होत होत नरसिंहपुराच्या संगमाशी संपतो. सह्याद्रीने अडविलेल्या पावसाचे उरलेसुरले शिंतोडे आमच्या वाट्याला यावयाचे. नदीकाठी खोल काळी जमीन, मध्ये मुरमाड माळ, आणि माळाच्या उतारावर गावठाण, अशी ठेवण. जुन्या माणसांच्या बोलण्यात गावाचे दोनच भाग असत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची. चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती आणि गुराढोरांचा कचरा पिढ्यान् पिढ्या एकावर एक साठत जाऊन जी माती पांढुरकी होते, ती. माणसे राहिली म्हणून जिचा रंग बदलला, अशा मातीला आमच्या भाषेने निराळे नाव दिले, आणि त्याच नावाने सगळ्या गावाच्या समुदायालाही संबोधिले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

या काळी-पांढरीवर सरकारी साखळी प्रथम पद्धतशीर पडली ती आमच्याच तालुक्यात. सरकारी अधिकारी प्रिंगल याची आधीची आकारणी रयतेला न पेलून कोसळल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836 साली इंदापुरात जी नवी जमाबंदी 30 वर्षांच्या कराराने बसविली, तिच्याच धर्तीवर पुढे मुंबई इलाख्याची मोजणी झाली. 33 फुटांची साखळी, साखळीचे 16 आणे, साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर, हे गणित आमच्या शेतकऱ्याच्या जिभेवर आजही आहे. त्या मोजणीतून गावनकाशा निघाला, आणि गाव ही वस्तू कागदावर आली.

आज गावाला दोन देह आहेत. एक तलाठ्याच्या दफ्तरातला, ‘मौजे अमुक’ म्हणून लिहिलेला, सातबाराच्या उताऱ्यांत विभागलेला. दुसरा ग्रामपंचायतीचा, 1958 च्या कायद्याने घडविलेला, सरपंच, सदस्य, ग्रामसेवक आणि घरपट्टीचा नमुना 8 यांनी चालणारा. महसुली गावाला क्षेत्रफळ असते, ग्रामपंचायतीला मतदार असतात. पहिल्या देहात माणूस खातेदार म्हणून येतो, दुसऱ्यात रहिवासी म्हणून. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही तो पहिल्या गावात जवळजवळ नसतोच, आणि दुसऱ्या गावात मात्र तो शंभर एकरांच्या धन्याइतकाच, एका मताचा, असतो. पंचायतराज्याचे जे काही नैतिक मोल आहे, ते मला या एका फरकात दिसते.

या दोन्ही देहांवाचूनही गाव उरते काय, याची परीक्षा आमच्या तालुक्याने दिलेली आहे. भीमेवर उजनीचे धरण 1980 साली पुरे झाले आणि नदीकाठची कित्येक गावठाणे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देवालय उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे वर येते, आणि लोक ओल्या गाळातून चालत जाऊन त्याच्या पायऱ्यांवर डोके ठेवतात. त्या भागातील एका उठलेल्या गावाच्या नव्या गावठाणात मी काही दिवस राहिलो आहे. सरकारने तेथे सरळ रस्ते आणि सारखे चौकोनी तुकडे आखून दिले होते. कोठेही कूस नव्हते, वेस नव्हती. तरीही चार दिवसांत माझ्या ध्यानात आले की, कोणत्या रांगेनंतर कोण राहते हे जुन्या गावातल्याच दिशांनी ठरले होते. पांढरी बुडाली होती, काळी बुडाली होती, दगडांची शीव वावभर पाण्याखाली गेली होती. माणसांच्या मनातली शीव तेवढी कोरडी राहिली होती.

आता ज्या प्रसंगासाठी हे सारे लिहावयास बसलो, तो सांगतो. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. साल 1960 चे असावे. आमचे गाव आणि पूर्वेकडचे गाव यांच्यामधील ओढा हीच शीव, असे सर्व धरून चालले होते. पण एका पावसाळ्यात मोठा लोंढा आला आणि ओढ्याने पात्र सोडले. दहा-बारा एकरांची एक जिभेसारखी पट्टी एका काठावरून दुसऱ्या काठावर गेली. दोन्ही गावांची गुरे त्या पट्टीत शिरू लागली, लाठ्या निघाल्या, आणि शेवटी तालुक्याहून मोजणीदार आला. त्याने कापडावर चिकटविलेला जुना नकाशा अंथरला, झेंडे लावले, साखळी ओढली. दोन दिवस साखळी ओढूनही नकाशातील रेघ आणि जमीन यांचा मेळ बसेना, कारण ज्या खुणेपासून मोजावयाचे तो तिवढ्याचा दगडच, जेथे तीन गावांच्या शिवा मिळत तो, पुराने गाडला होता की कोणी उपटला होता, हे कोणास ठाऊक नव्हते. ते ठाऊक असणारा माणूस एकच होता, आणि तो ओढ्याच्या आमच्या बाजूस, गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहत होता.

त्याच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या येसकरकी होती. वेशीची राखण, सरकारी कागदांची ने-आण, मेलेल्या जनावरांची विल्हेवाट, आणि शिवेची माहिती, ही त्या वतनाची कामे. मराठी मुलखात गावशिवेचा तंटा पडला म्हणजे महाराची जबानी निर्णायक मानावयाची, ही चाल फार जुनी. शपथ घेऊन तो ज्या वाटेने चालेल ती शीव, असे गोतसभेत ठरे, महजरावर तसे लिहिले जाई आणि दोन्ही गावे ते मान्य करीत. पण 1956 च्या ऑक्टोबरात नागपुरास धर्मांतर झाले आणि त्या वार्तेबरोबर आमच्या वस्तीतल्या लोकांनी गावकीची कामे खाली ठेवली. डॉ. आंबेडकरांनी 1928 सालीच मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणून जी गोष्ट मागितली होती, ती ही कनिष्ठ वतने रद्द होऊन 1959 साली पदरात पडली होती. सारांश, त्या म्हाताऱ्यावर येण्याचे कसलेही बंधन उरले नव्हते.

पाटलांनी दोनदा निरोप पाठविला. तो आला नाही. मुलकी पाटलाचे पद अजून दोन-तीन वर्षे राहावयाचे होते, आणि आमचे पाटील दुष्ट नव्हते. पण निरोप पाठवावा आणि माणसाने यावे, यापलीकडची रीत त्यांना माहीत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः वस्तीच्या तोंडापर्यंत गेले. मी वडिलांच्या मागून गेलो होतो, म्हणून मी ते ऐकले. पाटील म्हणाले, “बाबा, तुम्ही आल्याबिगर न्हाई व्हायचं.” त्या माणसाला अहोजाहो करताना मी गावातील कोणासही त्यापूर्वी ऐकले नव्हते. म्हातारा थोडा वेळ पाटलांकडे पाहत राहिला. मग आत जाऊन त्याने धोतर बदलले, काठी घेतली आणि म्हणाला, “वतन गेलं, पाटील. शीव कुटं गेलीया?”

तो साखळीकडे पाहावयासही गेला नाही. जुन्या पात्राच्या काठाने, उन्हात, न बोलता चालत राहिला. अधूनमधून थांबून पाठीमागे भैरोबाच्या कळसाकडे आणि पुढे टेकडीच्या खिंडीकडे पाही, पुन्हा चाले. दोन्ही गावची मंडळी पंधरा-वीस पावले अंतर राखून मागे. एका तरवडाच्या जाळीशी तो उभा राहिला, काठी रोवली आणि म्हणाला, “हितं उकरा.” दोन हात खाली गेल्यावर दगड लागला. मोजणीदार समाधान पावला, पण म्हातारा म्हणाला, “दगड कुनीबी पुरंल. त्याच्या खाली बगा.” दगड बाजूला केला तेव्हा त्याखाली कोळसे निघाले, खापऱ्या निघाल्या आणि राखेचा एक थर निघाला. त्याच्या आज्याने त्याला ते सांगितले होते. आज्याला त्याच्या बापाने. पूर्वेकडच्या गावच्या पंचांनी मान डोलावली. एका शब्दाचा वाद झाला नाही. ज्या पट्टीसाठी डोकी फुटावयाची होती तिचा बराचसा भाग, आश्चर्य म्हणजे, पलीकडच्या गावाचा निघाला. आणि आपल्याच गावाविरुद्ध साक्ष दिल्याबद्दल आमच्यापैकी कोणीही त्याला दोष दिला नाही, कारण तो खोटे बोलणार नाही हे दोन्ही गावांनी आधीच गृहीत धरले होते.

पंचनामा झाला. पाटील, दोन्हीकडचे पंच, मोजणीदार यांच्या सह्या झाल्या. सर्वांच्या खाली एका कोपऱ्यात त्याचा अंगठा घेतला. मग कोणा बागायतदाराच्या वस्तीवरून चहा आला, आणि त्याच्यासाठी छपराच्या वळचणीला खोचून ठेवलेली, कान तुटलेली कपबशी काढून आणली गेली. म्हाताऱ्याने ती पाहिली. “चा नगं,” म्हणाला, आणि ओढ्यात उतरून ओंजळीने पाणी प्याला. माझ्या हातात त्या वेळी पितळी पेला होता. मी तो खाली ठेवला नाही. नऊ वर्षांच्या मुलाकडून त्याहून अधिकाची अपेक्षा करू नये, असे मला अनेकांनी सांगितले आहे. मला ते पुरेसे वाटत नाही.

पुढे महाविद्यालयात असताना मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील सीमाविवादाचे प्रकरण वाचण्यात आले, आणि मी पुस्तक हातातले खाली ठेवून बराच वेळ स्वस्थ बसलो. शिवेवर वड, पिंपळ, पळस, सावरी असे दीर्घायुषी वृक्ष लावावेत, तळी, विहिरी, देवालये बांधावीत, हे तेथे सांगितलेले आहे. परंतु उघड खुणा माणसे बुजवितात म्हणून जमिनीत गुप्त चिन्हे पुरावीत, असे सांगून जी यादी दिली आहे तीत दगड, हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू यांची नावे आहेत. तीच राख, त्याच खापऱ्या मी तरवडाच्या जाळीखाली पाहिल्या होत्या. आणि याहूनही विलक्षण गोष्ट पुढे आहे. शेजारच्या गावांतील साक्षीदार न मिळाले तर कोणाला विचारावे? तर रानात वावरणाऱ्यांना: पारधी, पाखरे धरणारे, गुराखी, कोळी, कंदमुळे खणणारे, साप पकडणारे, वेचे वेचून जगणारे. ज्या ग्रंथाने माणसामाणसांत इतक्या भिंती घातल्या, त्यालाही जमिनीचे सत्य हवे झाले तेव्हा भिंतीबाहेरच्या माणसाकडेच जावे लागले.

याचे कारण उघड आहे, आणि ते केवळ व्यावहारिक नाही. गावाच्या मध्यभागी राहणाऱ्याला गाव कोठे संपते हे कधीच पाहावे लागत नाही. त्याच्या दृष्टीने जग म्हणजे चावडी, देऊळ आणि त्याच्याभोवतीचे वाडे. शीव पाहतो तो कडेला राहणारा. ही गोष्ट धर्मालाही लागू आहे, असे मला वाटते. धर्माची व्याप्ती केवढी, हे त्या धर्माच्या मध्यभागी मानाने बसलेल्याला कळणे अवघड. तो कोठवर पोचतो आणि कोठे हात आखडतो, हे त्यालाच अचूक ठाऊक, ज्याच्यापर्यंत येऊन तो थांबला.

येथे वेदान्ती मनाला एक मोह पडण्याजोगा आहे, आणि काही वर्षे तो मलाही पडला होता. आपल्या दर्शनांत साक्षी या संज्ञेला अत्युच्च स्थान आहे. साक्षी कर्ता नव्हे, भोक्ता नव्हे. तो अलिप्त राहून पाहतो, आणि म्हणूनच त्याचे पाहणे शुद्ध. मुंडकोपनिषदात एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे जे प्रसिद्ध रूपक आहे, त्यात एक फळ खातो आणि दुसरा न खाता केवळ पाहतो. तेव्हा गावाच्या भोगापासून दूर ठेवलेला तो म्हातारा हाच गावाचा खरा साक्षी, असे म्हणून त्याला एका उंच आसनावर बसवावे आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकावा, हे किती सोपे आहे! परंतु उपनिषदातील तो दुसरा पक्षी तृप्त आहे. खाण्याची त्याला गरजच नाही. आमच्या शिवेवरचा साक्षी उपाशी होता. त्याची अलिप्तता त्याने साधनेने मिळविलेली नव्हती, ती आम्ही त्याच्यावर लादलेली होती. आणि त्या लादलेल्या दूरत्वातूनही तो सत्यच बोलला, हे श्रेय सर्वस्वी त्याचे आहे, व्यवस्थेचे त्यात तिळमात्र नाही. बहिष्काराला वैराग्याचे नाव देणारे तत्त्वज्ञान मला अधर्म्य वाटते, मग त्याची परिभाषा कितीही उदात्त असो.

आमच्या गावगाड्याचे कौतुक परकीयांनीही पुष्कळ केले. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने 1819 साली जो अहवाल लिहिला, त्यात एकेक गाव म्हणजे स्वयंपूर्ण असे लहानसे राज्यच, असे चित्र आहे. मेटकाफने पुढे उत्तरेकडील गावांविषयी तसेच लिहिले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गांव-गाडा’ लिहून त्या चित्राची आतली बाजू, कुरकुरणाऱ्या चाकांसह, मराठी वाचकांपुढे मांडली. गांधीजींना तर 1946 साली स्वतंत्र भारताची कल्पना सागरातील वर्तुळांसारखी सुचली: मध्यभागी व्यक्ती, तिच्याभोवती गाव, त्याभोवती गावांचा समूह, आणि बाहेरच्या वर्तुळाने आतल्याला चिरडावयाचे नाही. शिवेच्या प्रश्नाचे हे उत्तर फार सुंदर आहे, कारण पाण्यावरच्या वर्तुळाला दगडाची हद्द नसते. तथापि ज्या गावांतून ही वर्तुळे उठावयाची, त्या गावांच्या पाण्यालाच शीव होती. महाडच्या चवदार तळ्यावर 1927 साली माणसांना पाण्याच्या एका ओंजळीसाठी सत्याग्रह करावा लागला होता. म्हणून 1948 च्या नोव्हेंबरच्या 4 तारखेस घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी गाव म्हणजे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे घर, असे म्हटले, आणि घटनेचा मूळ घटक गाव नसून व्यक्ती आहे याबद्दल समाधान व्यक्त केले, तेव्हा अनेक सभासदांना ते कठोर वाटले. मला ते वाचताना नेहमी असे वाटते की, ते शिवेवरच्या माणसाची जबानी देत होते. विशेष हे की, त्याच महिन्याच्या 22 तारखेस ग्रामपंचायतींविषयीचे कलम सभागृहापुढे आले, तेव्हा त्यांनी ते स्वीकारले. आज ते 40 वे कलम आहे.

त्या कलमाला घटनेत बंधनकारक रूप यावयास पुढे दीर्घ काळ लागला. 73 वी घटनादुरुस्ती 1993 च्या एप्रिलात अमलात आली. त्या दुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. ग्रामसभा म्हणजे निवडलेल्यांची नव्हे, साऱ्या मतदारांची सभा. आमच्या राज्यात तिच्या गणपूर्तीस 15 टक्के अथवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरे. आणि ती न झाली तर सभा तहकूब होते, व तहकूब सभेस गणपूर्तीचे बंधन नाही. परिणामी बऱ्याच गावांत खरा कारभार तहकूब सभेतच होतो. पारावर पाच-पंचवीस माणसे बसलेली, ग्रामसेवक इतिवृत्त लिहीत आहेत, आणि वस्तीतली माणसे रस्त्याच्या पलीकडे, ऐकू येईल न येईल अशा अंतरावर उभी. त्यांना कोणी बसू नका म्हटलेले नसते. कोणी बसा म्हटलेलेही नसते.

हे असेच असावे लागते असे मात्र नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या लहानशा गावात निर्णय बहुमताने घेत नाहीत. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीत पुन्हा बोलावयाचा, अशी त्यांची रीत आहे. वनहक्क कायद्याखाली 2009 साली त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. या कायद्याच्या नियमांतील पुराव्यांचे प्रकरण वाचताना माझे मन पुन्हा त्या तरवडाच्या जाळीपाशी गेले. हक्क सिद्ध करावयास काय दाखवावे, तर कंदमुळे गोळा करण्याच्या जागा, गुरे चारण्याची राने, मासे धरण्याच्या जागा, पाणवठे, पवित्र झाडे, देवराया, स्मशाने; आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांची लिहून घेतलेली साक्ष. स्मृतिकारांनी ज्यांना शेवटचा उपाय म्हणून विचारले, त्या कंद खणणाऱ्यांचे पाऊल जेथवर जाते तेथवर त्यांचे गाव, असे आता प्रजासत्ताकाचा नियम सांगतो. हे अंतर कापावयास आपल्याला सुमारे दोन हजार वर्षे लागली, आणि माझ्या मते या देशाच्या धर्मविचारात घडलेली ही एक मोठी घटना आहे, जरी ती एका नियमावलीच्या पोटकलमात घडली म्हणून कोणी तिला धर्मविचार म्हणत नाही.

आमच्या गावात या वर्षी ग्रामसभेपुढे एक विषय आलेला आहे. गावाला दोन स्मशाने आहेत. एक नदीच्या वाटेवर, पत्र्याच्या छपराचे, काँक्रीटच्या ओट्याचे. दुसरे ओढ्याकाठी, अगदी शिवेला लागून, छप्पर नसलेले, जेथे पावसाळ्यात सरण पेटत नाही आणि घरच्यांना ताडपत्री धरून उभे राहावे लागते. वस्तीचे जातिवाचक नाव सरकारच्या 2020 च्या निर्णयानंतर बदलले. आता तिच्या तोंडाशी समतानगर अशी निळी पाटी आहे. त्या समतानगरातल्या तरुणांनी अर्ज दिला की, दुसऱ्या छपराचा निधी आम्हांला नको, साऱ्या गावाचे स्मशान एकच असावे. अर्ज वाचून दाखविला गेला. कोणी विरोध केला नाही, कोणी अनुमोदनही दिले नाही. गणपूर्तीचा प्रश्न निघाला आणि सभा तहकूब झाली.

पुढची सभा 26 जानेवारीस आहे. माझे नाव अजून गावच्या मतदारयादीत आहे, आणि मी जाणार आहे. त्या म्हाताऱ्याला ओढ्याकाठीच अग्नी दिला, त्याने दाखविलेल्या दगडापासून फार तर तीस पावलांवर. ती जागा मला ठाऊक आहे. त्या दिवशी शिवेवर जी माणसे होती त्यांपैकी आज हयात असा मला दुसरा कोणी आठवत नाही. पलीकडच्या गावाने त्याच्या शब्दावर जमीन घेतली आणि आमच्या गावाने त्याच्या शब्दावर ती सोडली, हे पंचनाम्यात आहे. कपबशीचे त्यात नाही. ते मला उभे राहून सांगावे लागेल, आणि माझ्या हातातल्या पेल्याचेही.